भर पावसात पण पांढरं न पडणारं पॉलिश: कोकणातल्या छोट्या वर्कशॉपसाठी यूव्ही कोटिंग

जुलै-ऑगस्टमधे कोकणात फर्निचर पॉलिश करणाऱ्या सगळ्यांची एकच रड असते. गणपती तोंडावर आलेले, चाकरमानी यायच्या आत देव्हारा, झोपाळा, डायनिंग टेबल पोचवायचंय, आणि बाहेर आठ दिवस पाऊस खळलेला नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारला की थोड्या वेळात दुधाळ पांढरी झाक येते, कारण थिनर उडताना लाकडाचा वरचा भाग गार पडतो, हवेतला ओलावा तिथे बसतो आणि फिल्ममधे अडकतो. रिटार्डर (थिनर सावकाश उडायला लावणारं द्रव) घालून भागवतात, पण मग सुकायला अजून वेळ लागतो आणि तेवढ्यात दिव्यावर येणारे पाऊसकिडे येऊन चिकटतात. पीयूची (पॉलियुरेथेन) गोष्ट वेगळी, त्याचं हार्डनर हवेतल्या पाण्याशीच रिअ‍ॅक्शन करतं आणि बारीक बुडबुडे येतात, आरशासारखं पॉलिश हवं असतं तिथे नेमके ते दिसतात.

म्हणून कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण कुठेही वर्कशॉप असलं तरी यूव्ही कोटिंग, म्हणजे अतिनील प्रकाशाने कडक होणारं पॉलिश, शिकून घ्या असं मी म्हणतो. लोक यूव्हीचं कौतुक वेगासाठी करतात, काही सेकंदात सुकतं म्हणून. मोठ्या कारखान्याला ते महत्त्वाचं असेलही, पण आपल्याकडे खरा फायदा हा की शंभर टक्के सॉलिड यूव्ही मटेरियलमधे उडून जाण्यासारखं जवळपास काही नसतं, त्यामुळे पांढरं पडायचं कारणच उरत नाही. ब्यूटी पार्लरमधे जेल नेलपॉलिश लावून हात त्या छोट्या दिव्याखाली धरतात ना, तेच तत्त्व. मटेरियलमधे अ‍ॅक्रिलेट रेझिन असतं आणि थोडं फोटोइनिशिएटर असतं, त्या इनिशिएटरवर ठराविक प्रकाश पडला की तो फुटतो आणि रेझिनचे रेणू एकमेकांना जोडत जातात, पातळ द्रवाचा कडक थर होतो. प्रकाश पडला नाही तर दोन दिवस ठेवा नाहीतर चार, ओलंच राहणार.

पण एक गोष्ट आधीच नीट समजून घ्या. मटेरियलला दमट हवेचं काही वाटत नाही, लाकडाला वाटतं.

लाकूड आधी, दिवा नंतर

हवेत ८५ टक्के आर्द्रता असली आणि लाकूड तशा हवेत काही आठवडे पडून राहिलं की ते हळूहळू १७-१८ टक्के ओलाव्यावर जाऊन बसतं, आणि आपल्या किनारपट्टीला पावसाळ्यात ८५ म्हणजे नेहमीचंच. फर्निचरला कोटिंग करताना लाकूड ८ ते १२ टक्क्यांत हवं. वरून बघून हे कळत नाही, हात लावून तर अजिबात कळत नाही, म्हणून दोन सुयांचा मॉइश्चर मीटर घ्या, ती वस्तू महाग नाही आणि तिच्याशिवाय यूव्हीच्या नादाला लागूच नका. फळीच्या टोकाला टोचू नका, टोकं आधी सुकतात आणि खोटं समाधान देतात, मधे तीन-चार ठिकाणी टोचा, आणि फळी जाड असेल तर कापलेल्या ताज्या तोंडाच्या मधोमध पण बघा.

ओल्या लाकडावर यूव्ही मारलं तर त्या दिवशी सगळं सुंदर दिसतं. बोंब होते ऑक्टोबरच्या उन्हात. लाकूड आकसतं, यूव्हीची फिल्म कडक असते, ती लाकडाबरोबर फारशी हलत नाही, मग सांध्यांवर केसासारख्या चिरा येतात आणि कधीकधी कडेने पापुद्रा सुटतो. गिऱ्हाईक म्हणतं कोटिंग खराब होतं, आणि कोटिंगची काही चूक नसते.

त्यामुळे पावसाळी कामाचं लाकूड मे महिन्यातच सुकवून, मीटर लावून, बंद खोलीत रचून ठेवा, मधे पट्ट्या घालून. त्या खोलीत डीह्युमिडिफायर लावता आला तर फारच बरं, नाहीतर साधा एसी पण हवेतलं पाणी काढतो. उघड्या शेडमधे पत्र्याखाली ठेवलेलं लाकूड सुकं आहे असं धरून चालू नका. आणि टेबलटॉप असो की दाराचं पॅनल, खालच्या बाजूला पण निदान एक-दोन हात सीलरचे (छिद्रं बंद करणारा खालचा थर) द्याच, एकच बाजू बंद केली तर दुसरी बाजू ओलावा घेत-सोडत राहते आणि टॉप वाकतो.

आता आपली लाकडं. सागात नैसर्गिक तेल असतं, ते पृष्ठभागावर येऊन पकड बिघडवतं, म्हणून शेवटचा पेपर मारल्यावर पांढऱ्या सुती कापडाला अ‍ॅसिटोन लावून पुसा, कापडावर पिवळट तपकिरी डाग येतो, कापड बदलत रहा, डाग फिका होईपर्यंत. मग लगेच त्याच दिवशी पहिला हात, उद्यावर ठेवलंत तर तेल परत वर येतं. मटेरियलवाल्याकडे सागासाठी वेगळा अ‍ॅडहिजन (पकड वाढवणारा) प्रायमर असेल तर तोच घ्या. शिसवीचं पण असंच, उलट जास्तच, तिच्यातले काही घटक क्युअरिंगलाच (प्रकाशाने कडक होण्यालाच) अडथळा करतात. फणस मात्र यूव्हीखाली फार छान दिसतो, तो पिवळा सोनेरी रंग एकदम खुलतो, फक्त गिऱ्हाइकाला आधी सांगा की फणस उजेडाने वर्षभरात गडद तपकिरीकडे जाणारच, ते पॉलिशमुळे नाही. आंब्याला भुंगा लागलाय का ते बघून, ट्रीटमेंट करूनच पुढे जा.

कुठला दिवा घ्यायचा

दोन प्रकार. जुना म्हणजे मर्क्युरी व्हेपर दिवा, याचा प्रकाश पसरलेला असतो, २५४, ३१३, ३६५ नॅनोमीटर अशा बऱ्याच तरंगलांबींवर, त्यामुळे वरचा थर आणि आतला थर दोन्ही चांगले होतात. पण हिशोब करा, लाकडाच्या लाइनवर साधारण ८० वॅट प्रति सेंटीमीटरचे दिवे असतात, म्हणजे ६० सेंटीमीटर रुंद लाइनला एक दिवा ४.८ किलोवॅटचा, तीन दिवे लावले की साडेचौदा किलोवॅटच्या आसपास, थ्री फेज लागणारच. शिवाय तो पेटला की पूर्ण ताकदीला यायला काही मिनिटं लागतात, आणि लाईट गेली तर गरम दिवा लगेच पेटत नाही, थंड व्हावा लागतो. आपल्याकडे पावसात एक फांदी तारेवर पडली की लाईट जाते-येते, जाते-येते, मर्क्युरीवाल्याचा त्यात अर्धा दिवस जातो.

दुसरा एलईडी. बहुतेक ३९५ नॅनोमीटरचे मिळतात, ३६५ आणि ३८५ चे पण असतात. बटण दाबलं की चालू, वीज कमी, ओझोन नाही, लाकूड फारसं तापत नाही, पारा नाही. एकच उणीव, याचा प्रकाश अगदी अरुंद पट्ट्यात असतो आणि लहान तरंगलांबीचा भाग त्यात नसतो, म्हणून अगदी वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट राहायची शक्यता जास्त. त्यावर उपाय म्हणजे खास एलईडीसाठी बनवलेलंच मटेरियल घेणं. मर्क्युरीचं मटेरियल एलईडीखाली धरून 'सुकत नाही' म्हणणारे बरेच भेटतात, दिवा आणि मटेरियल जोडीनेच घ्यावे लागतात एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे, एकट्या-दुकट्या वर्कशॉपने सुरुवात चांगल्या इंडस्ट्रियल हँडहेल्ड एलईडी दिव्याने करावी, सिंगल फेजवर चालणाऱ्या. टेबलटॉप, कपाटाचे दरवाजे, फळ्या, देव्हाऱ्याचे सपाट भाग यातच बरंच काम होतं. कन्व्हेयर आणि रोलर कोटरची लाइन तेव्हाच घ्या जेव्हा रोज सपाट पॅनल निघत असतील, नाहीतर तयार पॅनल जॉबवर्कला पाठवणं परवडतं. नोटा तपासायचा किंवा विंचू शोधायचा जांभळा टॉर्च असतो त्याने हे काम होत नाही, कितीही जांभळा दिसला तरी.

प्रत्यक्ष काम: एक टेबलटॉप

खोली आधी तयार करा. खिडकीतून येणारं ऊन हा पण यूव्हीच आहे, डबा उघडा ठेवलात तर मटेरियल डब्यातच घट्ट व्हायला लागेल, म्हणून काचांना पिवळी यूव्ही फिल्म लावा किंवा जाड पडदा. उजेडाला साधे घरगुती एलईडी बल्ब चालतात.

सँडिंग १२० ने सुरू करून १८०, मग २२० किंवा २४०. त्याच्या पुढे गुळगुळीत करत बसू नका, पहिल्या हाताला पकड हवी. धूळ व्हॅक्युमने काढा, कंप्रेसरच्या हवेने उडवली तर तीच धूळ खोलीभर फिरून परत बसते, आणि कंप्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साठतं ते वेगळंच, ते रोज सकाळी सोडा.

रंग द्यायचा असेल तर स्टेन आत्ताच, आणि तो पूर्ण सुकू द्या. स्टेन पाण्याचा असेल तर दमट दिवसात कागदावर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट धरा.

मग सीलर, फोमच्या बारीक रोलरने किंवा स्टीलच्या पातळ पट्टीने पसरवायचा. मशीनवर एका हाताला १० ते २० ग्रॅम प्रति चौरस मीटर बसतो, आणि शंभर टक्के सॉलिड असल्यामुळे साधारण तेवढेच मायक्रॉन जाडी उरते, उडून काही जात नाही. म्हणजे हात पातळच हवा, एनसीची सवय असलेल्यांचा हात इथे जड पडतो. वजनकाट्यावर रोलर आणि ट्रे आधी-नंतर तोलून बघा, दोन-तीन पॅनलमधे अंदाज येतो. सागासारख्या उघड्या छिद्रांच्या लाकडात सीलर पट्टीने आडवा-उभा ओढून छिद्रांत दाबा, मग मिनिटभर थांबा म्हणजे आतली हवा वर येईल, आणि मगच दिवा.

दिवा फिरवताना तीन गोष्टी सारख्या ठेवायच्या, अंतर, वेग आणि पट्ट्यांची ओव्हरलॅप. दिवा लांब गेला की ताकद झपाट्याने घटते. वेग दुप्पट केला की मिळणारा डोस निम्मा होतो. डोस म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर पडलेली एकूण ऊर्जा, मिलिज्यूलमधे मोजतात, मटेरियलच्या डेटाशीटवर लिहिलेली असते. रेडिओमीटर (हा डोस मोजायचं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर दिव्याला दोन बाजूंना ठराविक उंचीचे पाय करून घ्या म्हणजे अंतर हलत नाही, पाय टेबलटॉपच्या बाहेर ठेवलेल्या पट्ट्यांवरून सरकवा, ओल्या सीलरवरून नाही. आणि वाया गेलेल्या तुकड्यावर आधी वेग ठरवा.

सीलरचा पहिला हात पूर्ण कडक करायचा नाही, अर्धवट जेल झाला की दुसरा हात लगेच चढवा, दोघं एकमेकांत चांगले धरतात. दुसऱ्या हातानंतर नीट क्युअर करा आणि ३२० चा पेपर मारा. इथे पेपरकडे बघा. सीलर झाला असेल तर कोरडी पांढरी पावडर पडते, टाल्कमसारखी, पेपर झटकला की साफ. झाला नसेल तर पेपरवर मेणासारखे बारीक गोळे चिकटतात, पेपर चोंदतो, आणि बोटाला किंचित ओशट लागतं. गोळे दिसले की पुढे जाऊच नका, दिवा परत फिरवा, कारण वर टॉपकोट चढवल्यावर खालचा कच्चा थर कधीच नीट होत नाही. सगळ्या प्रोसेसमधे मला सगळ्यात भरवशाची खूण हीच वाटते, रेडिओमीटरपेक्षा पण.

पूर्ण क्युअर झालेला सीलर न घासता त्यावर टॉपकोट मारू नका, काचेवर मारल्यासारखा तो सोलून येतो. सगळीकडे एकसारखा धुरकट मॅट दिसला पाहिजे, एक जरी चमकता ठिपका दिसला तर तिथे पेपर लागलेला नाही. मग पुसून टॉपकोट, पातळ एक हात, थोडं लेव्हल होऊ द्या, आणि पूर्ण डोस. मॅट टॉपकोट असेल तर डबा तळापासून चांगला ढवळा, त्यातली सिलिका खाली बसते आणि न ढवळता वापरलं तर अर्धं टेबल चमकतं, अर्धं नाही.

थंड झालं की लगेच हात लावा, उभं करा, गुंडाळा, टेंपोत घाला. बाहेर पाऊस असला तरी.

स्प्रेने मारायचं असेल तर मटेरियल पातळ लागतं, त्यात सॉल्व्हंट नाहीतर पाणी असतं, आणि मग ते दिव्याआधी पूर्ण उडवावं लागतं. म्हणजे दमट हवेचा त्रास मागच्या दाराने परत आला. पाण्यावरचं यूव्ही वासाला आणि तब्येतीला चांगलं आहे पण पावसाळ्यात गरम हवेची सोय नसेल तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

झालं की नाही ते कसं तपासायचं

अंगठा जोरात दाबून पीळ द्या, ठसा उमटला तर कच्चं. अ‍ॅसिटोनमधे भिजवलेलं कापड वीस-तीस वेळा मागे-पुढे घासा, चमक मेली किंवा चिकट झालं तर कच्चं. मग लपलेल्या जागी नाहीतर सँपल तुकड्यावर ब्लेडने बारीक चौकटी कापा, दोन-दोन मिलिमीटरच्या, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकटी उठून आल्या तर पकड नाही, बहुतेक वेळा तेल पुसलेलं नसतं किंवा घासलेलं नसतं. वर चिकट पण आत कडक असेल तर तो ऑक्सिजनचा त्रास, दिव्याची ताकद कमी पडतेय किंवा मटेरियल चुकीचं. वर कडक आणि खाली मऊ असेल तर थर जाड झाला.

पांढरा रंग द्यायचा असेल तर अजून सांभाळा. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड लहान तरंगलांबीचा बराचसा प्रकाश स्वतःच खातं, तळापर्यंत पोचू देत नाही, म्हणून त्याला ३९५ किंवा ४०५ चा एलईडी किंवा गॅलियम मिसळलेला मर्क्युरी दिवा लागतो, आणि थर अगदी पातळ.

जिथे यूव्ही नको

कातीव पायांची खुर्ची, नक्षीचा देव्हारा, जाळीकाम, इथे प्रकाश सगळीकडे पोचत नाही. खाचेत सावली पडली की तिथे मटेरियल ओलंच राहतं आणि ते ओलं अ‍ॅक्रिलेट घरात वास मारत राहतं, हाताला लागत राहतं. अशा वस्तूचे सपाट भाग सुटे असतानाच यूव्ही करा आणि नक्षीला पीयू किंवा आपलं जुनं लाखेचं पॉलिश द्या. जोडायच्या आधी कोट करायची सवय लावून घेतली की निम्मा प्रश्न सुटतो.

पोळपाट-लाटणं, काटवट आणि लहान मुलं तोंडात घालतील अशी खेळणी, यांना हे लावू नका. सावंतवाडीच्या चितारआळीसाठी कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, शोभेच्या सपाट वस्तू, पाट, चौरंग, ट्रे यांना जरूर, पण बाळाच्या खुळखुळ्याला नाही, क्युअर न झालेला थोडासा जरी अंश राहिला तरी तो पोटात जाऊ शकतो. अन्नासाठी चालतं असं लेखी सर्टिफिकेट असलेलं मटेरियल असेल तरच विचार करा.

आणि बाहेरच्या पावसा-उन्हात राहणारं, म्हणजे गेट, बीचजवळच्या होमस्टेची बाकं, यांना साधं इंटिरियर यूव्ही टिकत नाही. दिव्याच्या प्रकाशाने कडक झालं म्हणून उन्हाला पण टिकेल असं नसतं.

अंगाला आणि डोळ्याला

यात मला अजिबात तडजोड नको वाटते, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त हेळसांड इथेच होते. दिव्याकडे आणि त्याच्या परावर्तनाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, वेल्डिंगचा आर्क लागल्यावर रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं तसं मर्क्युरीने पण होतं. यूव्हीसाठीचाच चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि चहा घेऊन आलेल्या पोराला पण आत येऊ देऊ नका.

ओलं मटेरियल कातडीला लागू द्यायचं नाही. अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी हळूहळू लागते, सुरुवातीला काही होत नाही आणि एकदा लागली की आयुष्यभर राहते, मग नुसता डबा उघडला तरी हात खाजतात. नायट्राइलचे हातमोजे घाला, साधे पातळ लॅटेक्सचे नकोत. लागलंच तर साबण-पाण्याने धुवा, थिनरने तर मुळीच नाही, थिनर ते कातडीत अजून आत नेतो. मर्क्युरी दिवा असेल तर ओझोन बाहेर काढणारा एक्झॉस्ट हवाच, आणि दिव्याच्या काचेला उघड्या बोटाने हात लावू नका, बोटाचं तेल गरम काचेवर भाजून बसतं. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेने अ‍ॅल्युमिनियमचे रिफ्लेक्टर मंद पडतात, ते आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसत रहा, नाहीतर दिवा नवा आणि डोस अर्धा अशी गत होते.

भरलेल्या चिंध्या उन्हात पसरून कडक होऊ द्या, मगच टाका. उरलेलं ओलं मटेरियल व्हाळात किंवा विहिरीजवळ ओतू नका, पातळ थर करून उन्हात किंवा दिव्याखाली कडक करा. डबा सावलीत, उष्णतेपासून दूर, मूळच्या काळ्या कॅनमधेच ठेवा, आणि दुसऱ्या डब्यात ओतलंत तर काठोकाठ भरू नका, वर थोडी हवा हवी, त्या हवेतला ऑक्सिजनच मटेरियलला डब्यात घट्ट होण्यापासून थांबवतो.

वस्तू देताना गिऱ्हाइकाला एवढं सांगा की पुसायला ओलसर फडकं पुरे, आणि कधी खोल ओरखडा पडला तर गावातल्या पॉलिशवाल्याकडून थिनर लावून घेऊ नका, हे एनसीसारखं विरघळून जुळून येत नाही. आम्हाला बोलवा, तेवढा भाग ३२० ने घासून त्यावर नवा टॉपकोट देऊन छोट्या दिव्याने तिथल्या तिथे करता येतो. बिलावर मटेरियलचं नाव, ग्लॉस आणि बॅच लिहून ठेवा, दुरुस्तीला गेलात की तेच लागतं.